गाठीतले जिवाणू



केमोथेरपी लागू पडली नाही, की आपण दोष देतो तो गाठीतल्या पेशींना. इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या रविद स्ट्राउसमन यांच्या गटानं २०१७ साली दुसऱ्याच कुणाकडे बोट दाखवलं. जेमसायटाबिन हे स्वादुपिंडाच्या कर्करोगावरचं नेहमीचं औषध. प्रयोगशाळेत माणसाच्या त्वचेतल्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या, तो द्रव मिसळला की कर्कपेशींवर हे औषध चालेना. शोध घेतला, तर त्यात मायकोप्लाझ्मा हा जिवाणू शिरलेला! दुसऱ्या कुणी ते दूषित नमुने सरळ टाकून दिले असते.

यांनी मात्र रुग्णांच्या गाठी तपासल्या. स्वादुपिंडाच्या ११३ गाठींपैकी ८६ गाठींत जिवाणू निघाले. बरेचसे आतड्यातल्या ई. कोलायच्या गोतावळ्यातले. जेमसायटाबिन दिसायला डीएनएच्या एका घटकासारखं. पेशी फसते, ते आपल्या डीएनएत गुंफते आणि मरते. या जिवाणूंपाशी सायटिडिन डीअमिनेज नावाचं विकर असतं. ते औषधाच्या रेणूतला अमिनो गट काढून टाकतं आणि तेवढ्यानं औषध निकामी होतं. उंदरांना जोडीला सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं, तेव्हा औषधाचा गुण परत आला. (उंदरांना, बरं का! केमोसोबत आपल्या मनानं अँटिबायोटिक घेऊ नका.)

पण खरी गंमत पुढे आहे. जेमसायटाबिन जिवाणूंनाही मारतं. मग त्यांनी जगायचं कसं? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अमीर मिचेल यांच्या गटानं ई. कोलायला या औषधात वाढू दिलं. मला वाटलं असतं, विकर वाढवून जिवाणू औषधाचा फडशा पाडतील. तीन निरनिराळ्या वाणांनी केलं ते उलटंच: औषध ज्यातून आत येतं ते नुपसी नावाचं दारच बंद करून टाकलं! औषध आत येईना, म्हणून त्याची मोडतोडही होईना. ते बाहेरच राहिलं आणि शेजारच्या कर्कपेशींना जास्त मिळालं.

याच गटानं २०२० मध्ये औषधांच्या वेगळ्या गटावर, फ्लुरोपिरिमिडिनांवर, काम केलं होतं. तिथे मात्र उलट झालं: औषधाला सरावलेले जिवाणू खाणाऱ्या सूक्ष्म कृमींवर औषधाचा परिणाम उणावला होता. म्हणजे जिवाणूंचा सराव कधी औषधाचं बळ वाढवतो, कधी घटवतो. म्हणून गाठीत ई. कोलाय आहे एवढं कळून भागायचं नाही; त्याचं नुपसी शाबूत आहे की गेलं, हेही बघावं लागेल.