गाडी आबांची, नाव आईचं

(‘मालमत्ता आणि स्त्रिया’ या विषयावरील एका महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शेतजमीन, राहतं घर आणि सातबारा यांबद्दल माझ्या आधीच्या दोघी चांगलं बोलल्या. मी एका मोटारगाडीबद्दल बोलणार आहे. तीही साधी नाही. दोन माणसांची, कापडी छपराची, पुढची काच आडवी पाडता येणारी विलायती स्पोर्ट्स कार. तुमच्यापैकी काहीजणी मनात म्हणत असतील की हे श्रीमंतांचे चोचले, बायकांच्या मेळाव्यात यांचं काय काम? शंका रास्त आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की घरातली एखादी वस्तू कुणाच्या पैशाने आली, कुणाच्या कष्टाने टिकली आणि शेवटी कुणाच्या नावावर गेली, हे तीन प्रश्न कुठल्याही वस्तूला विचारता येतात. म्हशीला विचारता येतात, शिलाई मशीनला विचारता येतात. मी ते आमच्या गाडीला विचारले.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टर्नर होते. १९६८ साली त्यांनी एका घरंदाज कुटुंबाकडून जुनी गाडी विकत घेतली. एम. जी. कंपनीची, टी. डी. नावाची. १९५३ पर्यंतच्या चार वर्षांत या जातीच्या सुमारे ३०,००० गाड्या इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला तयार झाल्या. आमची १९५२ची. इंजिन १२५० सी. सी.चं, कार्बोरेटर दोन. गाडी बंद पडलेलीच होती, म्हणून तीन हजारांना मिळाली. त्यातले एक हजार पतपेढीचं कर्ज. दोन हजार आईच्या पाटल्यांचे आणि चपलाहाराचे.

गल्लीत सगळे म्हणायचे, ‘टर्नरने गाडी घेतली.’ पाटल्या कुणाच्या गेल्या हे कुणी म्हणालं नाही. आबा वाईट नव्हते. आईवर त्यांचा जीव होता. रविवारी तिला शेजारी बसवून रंकाळ्याला फेरी मारायचे, तेव्हा बायका दारात येऊन बघायच्या. पण आईने एकदा ‘मलाही शिकवा की’ म्हटलं, तर ते हसून म्हणाले, ‘तुला कशाला? मी आहे ना.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. प्रेमाने म्हटलेलं असतं, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड जातं.

१९८१मध्ये ब्रेक निकामी झाले. सुटे भाग मिळेनात, दोन मुलांची शिक्षणं, घरात आजारपण. गाडी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकलली ती तिथेच राहिली. तिच्यावर लाकडं, पोती, मोडकी सायकल असं साठत गेलं. २०१८ साली आबा गेले, तेव्हा गाडीला ३७ वर्षं झाली होती उभी राहून.

दिवसकार्य झाल्यावर माझा धाकटा भाऊ कागद घेऊन आला. हक्कसोडपत्र. घर आणि गाडी दोन्ही. माझा भाऊ लोभी नाही, हे इथे मुद्दाम सांगते. तो म्हणाला, ‘ताई, तुझं सगळं नीट आहे. आईला मीच सांभाळणार. सही केलीस की व्यवहार सोपा होईल.’ गाडीला एक गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं होतं.

मी सही केली नाही. तुम्हीही करण्याआधी थांबा. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा असतो. हे नवं नाही, १९५६पासून आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क मिळाला तो महाराष्ट्रात १९९४च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५च्या दुरुस्तीने. वडील २००५च्या आधी वारले असले तरी मुलीचा तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केलं. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख भगिनींनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती भगिनींचे वारसा कायदे वेगळे आहेत, आणि अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही. म्हणून आपल्याला कोणता कायदा लागू होतो, हे आधी विचारून घ्या.

कायद्यात हिस्सा असतो आणि घरात हक्कसोडपत्र असतं. ‘भावाशी वाकडं कशाला’ म्हणून सही होते. माझ्या घरी ती अडली ती माझ्यामुळे कमी आणि आईमुळे जास्त. मी नाही म्हटल्यावर दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी आई भावाला म्हणाली, ‘गाडी विकू नको. त्यात माझ्या पाटल्या आहेत.’ पन्नास वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. भाऊ गप्प झाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मग गाडी चालू करायची असं ठरलं. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते, वय ५३. लहानपणी भावाच्या हातात पाना दिला गेला आणि माझ्या हातात चहाचा ट्रे. पण चहा देताना डोळे मिटायला कुणी सांगितलं नव्हतं. मी बघत होते.

शेड उघडली तर गाडीचा सांगाडा शाबूत, पण अंग पोकळ. या गाडीची चेसी लोखंडी असली तरी वरच्या पत्र्याच्या आत लाकडी चौकट असते. मूळ लाकूड ॲश नावाच्या विलायती झाडाचं. वाळवीने त्याचा भुगा केला होता. कापडी वेष्टणाच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. इंजिन जाम. सिलिंडरला रिंगा गंजून चिकटल्या होत्या. आमच्या मिस्त्रींनी घाई केली नाही. प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि तेल सोडलं आणि तीन आठवडे तसंच ठेवलं. रोज संध्याकाळी मी हँडल लावून हलकेच जोर देऊन बघायची. तेविसाव्या दिवशी ते बोटभर फिरलं.

खरी अडचण बोल्टची. या इंजिनाची एक गंमत आहे. ते बनवणारा कॉव्हेन्ट्रीचा कारखाना पूर्वी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता आणि तिथल्या यंत्रांवर मेट्रिक आटे पडायचे. इंग्रज फिटरकडे मात्र व्हिटवर्थ मापाचे पाने. म्हणून बोल्टचे आटे मेट्रिक आणि डोकं व्हिटवर्थ मापाचं, असा घाट घातला गेला. आटेही बारीक. आठ मिलिमीटरच्या आजच्या साध्या बोल्टचे आटे सव्वा मिलिमीटर अंतराचे असतात, यातले एक मिलिमीटरचे. बाजारातला बोल्ट दोन वेढे जातो आणि अडतो. जोर लावला की इंजिनातले आटे जातात.

मिस्त्री म्हणाले, ‘बाई, जुने बोल्ट असतील तरच जमेल.’ आई आत गेली आणि माळ्यावर चढायला मला शिडी लावायला सांगितली. वर डालड्याचे अकरा डबे होते. प्रत्येक डब्यात कापडाची पुरचुंडी आणि चिठ्ठी. ‘पंख्याचे चार.’ ‘उजव्या दाराचे.’ ‘मधल्या झाकणाचे, तांब्याच्या वायसरसह.’ आबा खोलत जायचे आणि आई गोळा करत जायची. कुठलाही बोल्ट कुठला हे तिने लिहून ठेवलं होतं. कारण आबा शोधताना चिडायचे आणि ते चिडले की स्वयंपाक लांबायचा.

वायरिंगच्या दिवशी दुसरा प्रकार घडला. तरुण वायरमनने नवी बॅटरी आणली आणि नेहमीप्रमाणे वजा टोक बॉडीला जोडायला घेतलं. आई खुर्चीत भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, ‘अरे थांब. यांच्या गाडीचा प्लस बॉडीला असतो.’ पोरगं हसलं. मिस्त्रींनी मात्र हात धरला. खरंच आहे ते. त्या काळच्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांत अधिक टोक बॉडीला जोडलेलं असे. उलटं जोडलं असतं तर डायनॅमोचा रेग्युलेटर बिघडायची भीती होती. मिस्त्रींनी विचारलं, ‘काकी, तुम्हाला कसं ठाऊक?’ आई म्हणाली, ‘तेरा वर्षं बॅटरी कुणी धरली मग?’ ही बॅटरी म्हणजे हातातली, टॉर्च.

मैत्रिणींनो, मला आज जे सांगायचं आहे ते हेच. टॉर्च धरणं हे काम आहे. प्रकाश नेमका कुठे पाडायचा हे कळायला पुढचा माणूस काय करतोय हे कळावं लागतं. आई ते तेरा वर्षं करत होती, आणि घरात कुणी तिला गाडीतलं कळतं असं म्हटलं नाही. ती स्वतःही म्हणाली नाही. शेतात बियाणं राखणारी, कुंभाराची माती मळणारी, विणकराची कांडी भरणारी, दुकानाचा हिशेब तोंडपाठ असणारी बाई ‘घरचं बघते’ एवढंच म्हणते. ज्ञान तिचं, धंदा त्याचा, नाव त्याचं.

मोटारीच्या जन्मातही हेच आहे. कार्ल बेंझच्या मोटारीचं पेटंट १८८६चं, त्याच्या नावावर. पण त्याचा धंदा वाचवायला लग्नाआधीच आपल्या हुंड्याचा पैसा घातला तो बर्थाने. १८८८च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन तिने मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, शंभराहून अधिक किलोमीटर गाडी नेली. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेकला चांभाराकडून चामडं लावून घेतलं. गाडी लांब जाऊ शकते हे जगाला तिने दाखवलं. आपल्याकडच्या पाटल्या आणि तिकडचा हुंडा, मला फार फरक दिसत नाही.

काम अडीच वर्षं चाललं, मध्ये टाळेबंदीही आली. सुताराने सागवानात चौकट नव्याने केली. ब्रेकच्या सिलिंडरांना नवे स्लीव्ह बसवले. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, कारण आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. खर्च सव्वाचार लाख. निम्मा माझा, निम्मा भावाचा. हो, भाऊही आला. रविवारी दोघं एकाच गाडीखाली झोपून काम करताना जे बोलणं झालं, ते चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

आता नावाची गोष्ट. मालक वारला की वाहन नोंदणी कचेरीला ३० दिवसांत कळवावं लागतं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यावं लागतं. आम्ही कळवलं होतं. इतर वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं जोडली. खिडकीवरच्या गृहस्थांनी कागद पाहिले आणि भावाकडे बघत म्हणाले, ‘मुलगा आहे ना? मग म्हातारीच्या नावावर कशाला? पुन्हा बदलावं लागेल.’ भावाने उत्तर दिलं, ‘पैसे तिचे आहेत.’ दोन हेलपाटे जास्त पडले, पण पुस्तकात आईचं नाव लागलं. घराच्या उताऱ्यावर आता आम्हा तिघांची नावं आहेत.

कुणाकडे अशी जुनी गाडी असेल तर एक माहिती. २०२१पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद करता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,००० रुपये शुल्क. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

गाडी मी चालवते. ‘शिकतेस का?’ असं आईला विचारलं तर म्हणाली, ‘आता नको. तेव्हा हवं होतं.’ हे वाक्य मला गोड करून सांगता येत नाही. गाडी परत आली, आईची ती वर्षं आली नाहीत. म्हणून तुमच्या घरात जी पंधरा-वीस वर्षांची मुलगी चहा घेऊन येते, तिच्या हातातला ट्रे काढा आणि पाना द्या. पंपाची मोटर असो, मिक्सर असो, स्कूटर असो. आणि तुमची आई किंवा सासू जे जाणते ते तिला विचारा, लिहून घ्या, खाली तिचं नाव घाला.

शेवटचं. या सभेत कुणाच्या पिशवीत भावाने किंवा दिराने दिलेला हक्कसोडाचा कागद असेल, तर सही करण्याआधी मला बाहेर भेटा. आपल्या वकील मैत्रीण जेवणानंतर चार वाजेपर्यंत इथेच थांबणार आहेत.