कापसाच्या गांठींची वखार कोठें असावी?

वेचणी सुरू झाली कीं झरी-जामणी तालुक्यांतील मुकुटबनच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्या जाऊं लागतात. गांवाला रेल्वेचें स्थानक आहे, भोंवतालीं चुनखडीच्या खाणी आहेत, आणि २०२२ सालापासून तेथें सिमेंटचा मोठा कारखानाही चालूं लागला आहे. मग परदेशीं जाणाऱ्या गांठींची विभागीय वखार येथेंच कां नसावी, असें श्रोत्यांपैकीं कोणीही विचारील.

या प्रश्नाचा उलगडा नकाशापेक्षां तराजू अधिक चांगला करतो. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनीं १९०९ सालीं कारखान्यांच्या स्थलनिर्णयावर ग्रंथ लिहिला. त्यांतील एक विचार अगदीं घरगुती शहाणपणाचा आहे: प्रक्रियेंत ज्या मालाचें वजन फार घटतें, त्यावरील प्रक्रिया माल निघतो तेथेंच करावी. चुनखडी भट्टींत भाजली कीं तिच्या वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग वायुरूपानें उडून जातो. त्या वायूचें भाडें कोण भरील? म्हणून सिमेंटचा कारखाना खाणीपाशीं शोभतो. कापसाचेंही तसेंच. शंभर किलो कापसांतून रुई निघते ती सुमारें चौतीस किलो. बाकीची बहुतेक सरकी तेलाच्या घाण्याकडे जाते. तेव्हां जिनिंग गांवाजवळ व्हावें हें खरें. परंतु एकदां १७० किलोंची गांठ बांधली गेली कीं पुढें वजन घटत नाहीं. यापुढचा खर्च माल किती वेळां चढवावा-उतरवावा लागतो यावर अवलंबून.

वऱ्हाडानें हें पूर्वीं अनुभवलें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. रेल्वेचा मुख्य मार्ग जलंबवरून गेला, तरी खामगांवची पेठ कांहीं उठून जलंबला गेली नाहीं. अडते, दलाल, पैसा आणि कापूस पारखणारी नजर सारें खामगांवांत होतें. शेवटीं रुळांचा फाटाच तेथपर्यंत न्यावा लागला, व १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. यवतमाळची कथा निराळी. तेथें मूर्तिजापूरहून रेल्वे आली, पण अरुंद मापाची! गांठी मूर्तिजापुरास उतरवून रुंद मापाच्या वाघिणींत पुन्हां भरायच्या. प्रत्येक वेळीं हमाली निराळी, आणि गांठीचें बारदान फाटायचें तें निराळेंच. ती गाडी आतां धांवत नाहीं.

आज अडचण आहे ती कंटेनरची. निर्यातीसाठीं पेटी भरावयाची तर ती आधीं रिकामी मिळाली पाहिजे. आणि कोणीतरी परदेशचा माल जेथें उतरवून घेतो तेथेंच ती सहज मिळते. असा माल नागपुरास येतो, मुकुटबनला येत नाहीं. म्हणजे रिकामी पेटी सुमारें दीडशे किलोमीटर ओढत आणायची व भरून पुन्हां तितकीच परत न्यायची. उलट लॉरीनें गांठी नागपुरास नेल्या तर येतांना तीच लॉरी खत किंवा किराणा घेऊन येऊं शकते. सीमाशुल्काची तपासणीही नागपूर परिसरांतच उरकून पेटी न्हावा-शेव्याच्या बंदराकडे निघते. राहिला प्रश्न स्थानकाचा. एका मालगाडीला चाळीसच्या आसपास वाघिणी असतात. सिमेंटचा कारखाना तशी गाडी रोज भरील; एका तालुक्याच्या गांठींना तें जमावयाचें नाहीं.

यांत शेतकऱ्याचा संबंध मोठा आहे. बंदरावरील भाव जगाच्या बाजारांत ठरतो. त्यांतून भाडें, हमाली आणि वखारीचा आकार वजा जाऊन उरतें तें त्याच्या पदरीं पडतें. वखारीची जागा चुकली म्हणून व्यापारी आपला नफा सोडीत नाहीं. तो खेड्यांतला भाव उतरवितो. तेव्हां मोठी वखार नागपूरकडेच असूं द्यावी. मुकुटबनला खरी गरज आहे ती जिनिंगच्या आवारांत पक्क्या छपराची आणि खऱ्या वजनकांट्याची. कापसांत आठ टक्क्यांहून अधिक ओल भरली कीं सरकारी खरेदींतही भाव कापला जातो, आणि नोव्हेंबरांत अवकाळी पाऊस आला म्हणजे उघड्या गाडीवरचा कापूस नागपूरपर्यंत वाट पाहूं शकत नाहीं.