नाणे खणखणीत हवे

(अमरावती आणि अकोला येथील कौटुंबिक मेळाव्यांत जुन्या नाण्यांविषयी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आपल्या वऱ्हाडातील बहुतेक जुन्या घरांतून चांदीचे चार-दोन रुपये मांडले जातात. कुणी त्याला राणीछाप म्हणतो, कुणी बंदा रुपया, कुणी कलदार. सासूने सुनेच्या ओटीत घातलेला, आजोबांनी कापसाच्या पट्टीतून बाजूला काढून ठेवलेला असा तो रुपया असतो. आपण त्याला हळदकुंकू वाहतो आणि पुन्हा डब्यात ठेवतो. तो खरा की खोटा, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही आणि उद्भवण्याचे कारणही नाही. परंतु तसलाच रुपया घेऊन कुणी अनोळखी मनुष्य आपल्या दाराशी येतो, तेव्हा मात्र हा प्रश्न न विचारणे फार महागात पडते.

फसवणुकीची रीत ठरलेली आहे. दोन मजूर येतात. खोदकाम करताना मडके सापडले, शेदोनशे रुपये आहेत, सरकारदरबारी नेले तर सगळे जाईल, म्हणून स्वस्तात देतो, असे हळू आवाजात सांगतात. नमुना म्हणून एक रुपया देतात आणि खुशाल सराफाला दाखवा म्हणतात. सराफ तो पाहून चांदी चोख असल्याचे सांगतो. ते खरेच असते, कारण नमुना अस्सलच दिलेला असतो. मग मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पुंजी बाहेर निघते, पिशवी हाती येते आणि घरी येऊन पाहावे तो आत पांढऱ्या पितळेचे, म्हणजे जर्मन सिल्व्हरचे ठोकळे! शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते, नाण्यांच्या पिशवीत चालत नाही. तेथे प्रत्येक शीत वेगळे तपासावे लागते. फसलेला मनुष्य तक्रारही करीत नाही, कारण व्यवहार चोरून केल्याची लाज त्याचे तोंड बंद करते. ठकाचे खरे भांडवल ती लाज आहे.

असे मडके सापडल्याची कथा आपल्या भागात सहज खरी वाटते, याला इतिहास आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडमधील गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि भारतीय कापसाचे भाव कडाडले. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोचला. अमरावती, अकोला, खामगाव या बाजारपेठांतून कापूस मुंबईकडे गेला आणि चांदी वऱ्हाडात आली. खेड्यात बँक नव्हती आणि कागदी नोटेवर शेतकऱ्याचा विश्वास नव्हता. रुपये मडक्यात, भिंतीत आणि चुलीखाली गेले. जुना वाडा पाडताना आजही ते कधीमधी निघतात. शंभरांतली एखादी कथा खरी असते. उरलेल्या नव्व्याण्णवांना तीच झाकून घेते.

तेव्हा परीक्षा कशी करावी, ते क्रमाने पाहू.

पहिली परीक्षा वजनाची. १८३५ पासून इंग्रजी अमलात निघालेला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असे. आज सराफ्यात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्याच्याशी गल्लत करू नये. वापराने झिजलेला रुपया थोडा कमी भरेल. पण जास्त भरणारा किंवा एक ग्रॅमने कमी भरणारा रुपया दिसला की सावध व्हावे.

दुसरी परीक्षा कानाची. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारली की चांदी लांबवर गुंजते. शिशाचे किंवा ओतीव नाणे बद्द वाजते. खणखणीत हा शब्द आपल्या भाषेत माणसाच्या स्वभावाला लागला, तो येथूनच. परंतु कान एकटा पुरत नाही. अस्सल नाण्याला बारीक चीर गेली असेल, तरी ते बद्द वाजते.

तिसरी परीक्षा लोहचुंबकाची. चांदी चुंबकाला चिकटत नाही. १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा आहे. तो चिकटतो, आणि पुष्कळ जण तोच चांदीचा म्हणून जपून ठेवतात. मात्र पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाहीत. म्हणजे चिकटले तर चांदी नव्हे हे नक्की, पण चिकटले नाही म्हणून चांदी ठरत नाही.

चौथी परीक्षा घरच्या घरी होणारी आणि सर्वांत भरवशाची. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा लहान काटा घ्यावा. त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा. रुपया बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवावा, मात्र तळाला टेकू देऊ नये. काट्यावर जो आकडा येईल, त्याने रुपयाच्या वजनाला भागावे. जुन्या रुपयात शेकडा ९१.७ चांदी असते, म्हणून भागाकार १०.३ च्या आसपास येतो. जर्मन सिल्व्हरचा पावणेनऊच्या जवळपास येतो. येथे एक ध्यानात ठेवावे. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात चांदी निम्मीच आहे. त्याचा भागाकार साडेनऊच्या जवळ येईल, म्हणून त्याला खोटा म्हणू नये. त्या रुपयाच्या दातेरी कडेच्या मधोमध एक खाचही दिसेल. नकली नाणी पाडणे अवघड व्हावे, यासाठीच ती खाच १९४० मध्ये आणली गेली.

एवढ्याने धातू कळला. पण धातू खरा म्हणजे नाणे खरे, असे नाही. १८९३ मध्ये सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. त्यानंतर रुपयाचे मोल त्यातील चांदीहून अधिक राहिले आणि चांगल्या चांदीचे खोटे रुपये पाडणेही फायद्याचे झाले. आज दुर्मीळ सालांच्या बाबतीत तेच घडते. १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगावरील पदकमाळेतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, बरेचसे रुपये परत घेऊन वितळविले गेले आणि पुढच्या वर्षी सोंड नीट काढण्यात आली. १९३९ चा रुपयाही फार थोडा निघाला. अशा सालांना भाव आहे, म्हणून त्यांच्या नकला आहेत. १९३८ मधील आठाचा नऊ केलेले रुपयेही फिरतात.

म्हणून पाचवी परीक्षा डोळ्यांची. भिंग घ्यावे. टांकसाळीत ठशाखाली दाबलेल्या नाण्याची अक्षरे कडेशी धारदार आणि मधली जागा सपाट असते. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक पुळ्या आणि छिद्रे दिसतात, अक्षरे लोण्यातून काढल्यासारखी गुळगुळीत असतात आणि कडेवर सांध्याची रेघ सापडते. मग साल आणि चेहरा यांचा मेळ घालावा. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली १८३७ मध्ये. त्यापूर्वीचे साल आणि तिचा चेहरा एकत्र असतील, तर पुढे तपासण्याची गरजच नाही. ‘एम्प्रेस’ ही अक्षरे १८७७ पासूनची आहेत. उलट १८६२ सालचे रुपये फार आढळतात म्हणून संशय घेऊ नये. तेच साल घालून पुढे दहा-अकरा वर्षे रुपये निघत होते.

इंग्रजी अमलापूर्वीची नाणी हातघडणीची. आपल्या अचलपूरला, म्हणजे जुन्या एलिचपूरला, मोगल आणि निजामी काळात टांकसाळ होती. तेथे ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून प्रत्येक रुपयावर अक्षरांचा वेगळा तुकडा उमटे. दोन नाण्यांची अक्षरे त्याच जागी तुटलेली, चीरही त्याच जागी, असे आढळले तर ती एकाच साच्यातून ओतलेली समजावी. उलट अंगावर जुन्या सराफांनी पारखून मारलेल्या बारीक खुणा असतील, तर ती एक चांगली साक्ष आहे.

दोन सूचना माता-भगिनींना. नाणे चिंचेने, राखेने किंवा पावडरीने घासून लखलखीत करू नका. त्याच्यावरचा काळसर थर म्हणजे त्याचे वय आहे. आणि घरात किंवा शेतात खरोखरच मडके सापडले, तर ते लपवू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. सापडणाऱ्याच्या वाट्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

आता थोडे अवघड बोलतो. आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणून एक नाणे असेल. त्यावर रामदरबार किंवा मारुतिराय, मागे १८१८ साल आणि इंग्रजी अक्षरे. कंपनीने असे नाणे कधीच काढले नाही. ती अलीकडच्या काळातली बनावट आहे आणि कुणी त्यासाठी लाखाची किंमत सांगत असेल, तर तो आपल्या श्रद्धेचा बाजार मांडीत आहे. पूजेत ठेवायला हरकत नाही, भाव मूर्तीत असतो, सालात नसतो. पण इतिहासाचा पुरावा म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये. आपल्याला त्याची गरज तरी काय? धनुर्धारी राम आणि मागे सीता, वर नागरीत ‘रामसीय’, असे नाणे अकबराने १६०४-०५ च्या सुमारास खरोखर काढले होते. विजयनगरच्या नाण्यांवर उमामहेश्वर आहेत. दक्षिणेत कंपनीने पाडलेल्या सोन्याच्या होनांवर विष्णूची प्रतिमा होती. खरे एवढे समृद्ध असताना खोट्याचा आधार घेणे, हा आपल्याच पूर्वजांवरील अविश्वास ठरतो.

खऱ्या नाण्याचे सामर्थ्य पाहा. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. राजाच्या आईने कोरविलेला लेख, त्यात अतिशयोक्ती असेल, असे कुणीही म्हणू शकले असते. परंतु १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. शत्रूच्या नाण्यावरच विजय उमटलेला! १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील, मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळ्याला सातवाहनांची दीड हजारांहून अधिक नाणी निघाली. ती चांदीची नव्हती, साध्या मिश्रधातूची होती. पण महामहोपाध्याय मिराशी यांनी ती वाचली आणि पुराणांच्या वंशावळीत न आढळणारे राजे प्रकाशात आले. ते मडके कुणी वितळवून टाकले असते, किंवा त्यात चार नकली नाणी मिसळली असती, तर ते राजे पुन्हा अंधारात गेले असते.

नकली नाणे पाडणारा आपला पैसा नेतो. त्याहून अधिक म्हणजे तो साक्षीदार फितवितो. म्हणून घरी गेल्यावर डब्यातला रुपया काढा, मुलांना जवळ बसवा, काटा आणि पाण्याची वाटी मांडा. तो खरा निघाला तर त्याचे साल, वजन आणि तो घरात कसा आला, हे कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवा. खोटा निघाला तर तसेही लिहून ठेवा, लपवू नका. जी गोष्ट आपल्याला आवडते, तिचीच परीक्षा आधी करावी, ही सवय मुलांना त्या एका रुपयातून लागली, तर आजीची ओटी सार्थकी लागली असे मी म्हणेन.