घबराटीचे भय आणि माहितीचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



संकट कोसळले म्हणजे राज्यकर्त्यांच्या आणि कारखानदारांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : परिस्थिती नियंत्रणात आहे, जनतेने घाबरू नये. या वाक्यामागे एक गृहीत दडलेले आहे. सामान्य माणसाला सत्य पेलत नाही. धोका कळला की तो सैरावैरा धावत सुटेल. तेव्हा धोका त्याच्यापासून लपविणे यातच त्याचे हित आहे. या गृहीताची परीक्षा भोपाळमध्ये झाली, आणि तिची किंमत हजारो गोरगरिबांनी प्राण देऊन चुकविली.

१९८४ च्या डिसेंबरमधील २ आणि ३ तारखांमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत मिसळले. हवेहून जड असलेला हा वायू जमिनीलगत सरकत समोरच्या झोपडपट्टीत आणि जुन्या शहरात शिरला. कारखान्यातील कामगारांना वायूचा गुण ठाऊक होता. वारा कोणीकडे वाहतो हे पाहून ते उलट दिशेला गेले. बाहेरच्या वस्तीसाठी असलेला भोंगा मात्र थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. लहानसहान गळतीने आसपासची वस्ती बिथरू नये, अशी त्यामागची रीत होती! तो पुन्हा वाजू लागला तोवर विष घराघरांत पोचले होते. त्या भोंग्याचा अर्थ काय आणि तो ऐकल्यावर करावयाचे काय, हेही वस्तीला कोणी कधी सांगितले नव्हते.

तोंडावर ओले फडके धरा, धावू नका, वाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हा, एवढे जरी लोकांना आधी सांगितले असते तरी कित्येक जीव वाचते. हे सांगण्यास ना परकीय चलन लागत होते, ना तज्ज्ञांची समिती. ते सांगितले गेले नाही म्हणून लोक वाऱ्याबरोबरच धावले, आणि धावताना अधिकच विष छातीत ओढत गेले. हमीदिया रुग्णालयात रुग्णांची रीघ लागली, तेव्हा हा वायू कोणता आणि त्यावर उपाय काय, याची माहिती तेथील डॉक्टरांजवळ नव्हती. त्याच रात्री भोपाळ स्थानकावरील एका रेल्वे अधिकाऱ्याने गोरखपूरकडे जाणारी गाडी वेळेआधी सोडून दिली आणि आजूबाजूच्या स्थानकांना गाड्या थांबविण्याचा निरोप धाडला. वरच्या आदेशाची वाट न पाहता वेळेवर दिलेली खरी खबर किती प्राण वाचवू शकते, याचे हे उदाहरण आहे.

धोका अगोदर कोणालाच ठाऊक नव्हता, ही सबब टिकणारी नाही. १९८१ च्या डिसेंबरात याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८२ साली कामगार संघटनेने भित्तिपत्रके लावून शहराला सावध केले. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या पत्रकाराने स्थानिक साप्ताहिकातून एकामागून एक इशारे दिले. कंपनीच्याच अमेरिकन तपासनीसांनी १९८२ च्या मे महिन्यात कारखान्यातील उणिवांची नोंद केली. ती नोंद जनतेपुढे आली नाही. उलट विधानसभेत मंत्र्यांनी धोका नसल्याची ग्वाही दिली. ज्यांच्या जिवावर बेतले होते त्यांनाच अंधारात ठेवले गेले.

याची फळे पंधरवड्यातच दिसली. उरलेला वायू वापरून संपविण्यासाठी १६ डिसेंबर १९८४ रोजी कारखाना पुन्हा चालविण्याचे ठरले. या मोहिमेला ‘ऑपरेशन फेथ’, म्हणजे विश्वासाची मोहीम, असे नाव दिले गेले. मुख्यमंत्री अर्जुनसिंग यांनी आपण स्वतः कारखान्यात हजर राहू असे जाहीर केले. शास्त्रज्ञ होते, हेलिकॉप्टरमधून पाण्याचे फवारे होते. या वेळी दिलेले आश्वासन बव्हंशी खरेही होते. पण लाखो लोक मुलाबाळांसह शहर सोडून गेले. त्यांना दोष कोण देणार? विश्वास हा संकटाच्या दिवशी पत्रक काढून निर्माण करता येत नाही. तो आधीच्या वर्षांत मिळवावा लागतो. लोकांना पळावयास सत्याने लावले नाही, सत्य दडविल्याच्या अनुभवाने लावले.

याच्या उलट चित्र ओडिशाच्या किनाऱ्यावर दिसते. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर निवारे उभे राहिले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, आणि वादळ कोठे, केव्हा येणार व कोठे जावयाचे हे लोकांना त्यांच्या भाषेत सांगण्याची पद्धत बसली. २०१९ च्या फनी वादळापूर्वी सुमारे बारा लाख लोक सुरक्षित स्थळी हलले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. किनारा तोच, समाज तोच, दारिद्र्यही फारसे हटलेले नव्हते. धोका कळल्यावर माणसे वेडीपिशी झाली नाहीत; कोठे जावयाचे हे ठाऊक असल्याने ती शिस्तीने चालू लागली.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात ४१-ब हे कलम आले. धोकादायक प्रक्रियेचे स्वरूप, तिचे आरोग्यावरील परिणाम आणि बचावाचे उपाय कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला सांगणे कारखानदारावर बंधनकारक झाले. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर संकट-गट नेमावयास लावले. कायदा चांगला आहे. पण कागदावरचा कायदा भोंगा वाजवीत नाही. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमजवळ स्टायरीनची गळती झाली, तेव्हाही लोकांना सावध करणारा भोंगा वाजला नाही, असे सरकारच्याच चौकशी समितीने नोंदविले. महाराष्ट्रात डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी प्राणघातक स्फोट झाले. भिंतीपलीकडे कोणते रसायन साठविले आहे, हे तेथील किती घरांना सांगितले गेले होते?

म्हणून कार्यकर्त्यांचे काम संकटानंतरच्या मोर्चापासून सुरू होत नाही. आपल्या भागातील धोकादायक कारखान्यांची यादी मागणे, धोकादायक प्रक्रियांची माहिती मराठीत आणि तेथे राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांच्या भाषेत मिळविणे, संकट-गटाच्या बैठका खरोखर होतात की नाही हे पाहणे, भोंग्याची चाचणी दिवसाउजेडी सर्वांदेखत करावयास लावणे, ही कामे रुक्ष वाटतील; त्यांना टाळ्या पडणार नाहीत. पण ज्या वस्तीला भोंग्याचा अर्थ कळतो, तिला मध्यरात्री कोणाच्या दयेवर जगावे लागत नाही. घाबरू नका, असे जनतेला सांगण्याचा अधिकार तिला आधी सर्व काही खरे सांगणाऱ्यालाच आहे.