गढूळ बीअरची पारख



पावसाळ्यांत गोदावरीला लाल पाणी येतें. पूर्वीं अशा दिवसांत आमच्या नाशकांत घरोघरीं हंड्यांतून तुरटी फिरवीत, किंवा निवळीचें बी उगाळून टाकीत. सकाळपर्यंत गाळ तळाशीं बसे. गढूळ तें टाकाऊ, निवळ तें चांगलें, हा धडा आपण असा पाण्यापासून शिकलों. आज ज्या पेयाविषयीं मी बोलणार आहें, त्याला तो लागू पडत नाहीं, आणि नेमकी तेथेंच घेणाऱ्याची फसगत होते. ज्यांना पेय वर्ज्य आहे त्यांना माझा आग्रह नाहीं. त्यांनीं केवळ पदार्थविज्ञान म्हणून ऐकावें.

मुद्दाम गढूळ ठेवलेल्या बीअरची ही तऱ्हा अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत या शतकाच्या आरंभीं रुजली, आणि २०१८ सालीं तेथील बीअर गाळणाऱ्यांच्या संघानें तिला आपल्या यादींत स्वतंत्र स्थान दिलें. आपल्याकडे पुण्यांत २००९ सालीं 'डूलाली' निघाली, तेव्हांपासून लहान प्रमाणावर ताजी बीअर गाळण्याचा व्यवसाय वाढत आला आहे.

मोड आलेल्या सातूबरोबर गहूं व ओट घातले, कीं त्यांतील प्रथिनें हॉपमधील तुरट द्रव्यांशीं संयोग पावतात. ते सूक्ष्म कण तरंगत राहतात. थोडें यीस्टही असतें. उजेडापुढें धरलेला पेला पन्ह्याप्रमाणें एकजीव दिसला पाहिजे. पातळ पाण्यांत चोथा पोहत असेल, रंग चहाकडे झुकला असेल, ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल, तर तो गढूळपणा शैलीचा नव्हे; वारा लागून माल उतरल्याचा आहे. एका मद्यगृहांत (नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं) असाच काळवंडलेला पेला माझ्यापुढें ठेवून "ही अशीच असते, काका" असें मला सांगण्यांत आलें. मीं तो परत पाठविला. पैसे मात्र बिलांत लागलेच.

आतां हॉप. हा एक वेल. आपल्या देशांत हिमाचलांतील लाहौल खोऱ्यांत त्याची लागवड आहे. मादी वेलाच्या शंकूसारख्या फुलांत पिवळी चिकट भुकटी असते. तीं फुलें रसांत उकळलीं तर कडूपणा देतात. रस आंबत असतांना अथवा मागाहून घातलीं तर सुवास देतात. गढूळ तऱ्हेंत ही दुसरी रीत मुख्य, म्हणून ती फारशी कडू नसते. बहुधा दोन-चार जातींचे हॉप मिसळतात. परंतु एकच जात घातली, म्हणजे वर्गांत एकाच मुलास उभें करून धडा वाचावयास सांगितल्यासारखें होतें: ज्याच्यावर दोष ढकलावा असा शेजारी उरत नाहीं.

माझ्या जांवयांनीं 'सिट्रा' या एकाच जातीची बीअर मजपुढें ठेविली. ती बर्फासारखी थंड होती. अशा थंडींत वास निजून राहतो, म्हणून मीं थोडा वेळ थांबलों. पहिल्यानें पपनसाच्या सालीचा, मग पिकलेल्या पेरूचा वास आला. तोंडांत जाडसर, किंचित् गोड. शेवटीं पुन्हां त्या सालीचाच हलका कडवटपणा.

पेरूचा हा वास नाशिककरास अन्यत्रही भेटतो. 'सुला'नें २००० सालीं आपल्या पहिल्या वाइन बाजारांत आणल्या, त्यांत एक सोव्हिन्यों ब्लाँ द्राक्षाची होती. त्या वाइनला, पेरूला आणि सिट्रा हॉपला सुगंध देणाऱ्या द्रव्यांपैकीं कांहीं एकच आहेत. तीं गंधकयुक्त असून रसायनशास्त्रांत त्यांना थायोल म्हणतात. अत्यल्प मात्रेंत फळाचा भास होतो. तीच वाढली कीं मांजराच्या मुताची आठवण होते!

तेव्हां डब्यावरील 'ट्रॉपिकल' हा शब्द वाचून मान डोलविण्यापेक्षां आपण पेरू, पपनस, कैरी, आंबेहळद अशीं नांवें घ्यावींत. 'फ्रूटी' या मोघम शब्दाखालीं बिघडलेला पेलाही खपून जातो. पपनस म्हटलें, कीं तें आहे कीं नाहीं हें नाकाला सांगावेंच लागतें. डबा घेतांना भरल्याची तारीख मात्र अवश्य पाहावी. हा सुवास थंडाव्यांत ठेवूनही कांहीं आठवड्यांत उतरूं लागतो. सहा महिन्यांपूर्वींचा डबा निम्म्या किंमतीस मिळत असला, तरी तो दुकानदाराच्याच फळीवर राहूं द्यावा.