‘उमेदवार’ शब्दाचा विसरलेला अर्थ



‘पात्र उमेदवार उपलब्ध झाला नाही’ असा शेरा मारून तज्ज्ञ ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे रिकामे ठेवले जाते. हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे जाणणारा ग्रंथपाल दुर्मिळ आहे, हे खरे. परंतु ही टंचाई निसर्गनिर्मित नव्हे.

अशा ग्रंथपालाला दोन विद्या लागतात : एक वर्गीकरण व सूचिकार्याची, दुसरी लिपी, भाषा आणि काळ ओळखण्याची. पहिली ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात मिळते. दुसरी बहुधा अन्यत्र, स्वतःच्या हिमतीवर मिळवावी लागते. दोन्ही मिळवून आलेल्या तरुणापुढे कंत्राट आणि तुटपुंजे मानधन ठेवायचे, आणि तो फिरकला नाही की गुणवत्ता आटल्याची खंत करायची, हा दांभिकपणा आहे.

हा केवळ विद्वानांचा प्रश्न नाही. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. निवडीबाहेर राहिलेला संग्रह त्याहून कितीतरी मोठा आहे. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची निकड शासनालाच भासली. जमिनीचा, जातीचा, वारशाचा पुरावा ज्या कागदात आहे, तो वाचणारा सार्वजनिक सेवेत नसेल, तर सामान्य माणसाने खाजगी वाचकाचे दर मोजायचे काय?

यावर उपाय आहे. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बोर्डन यांना अमेरिकेतून पाचारण केले आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. शिकलेली माणसे आयती मिळण्याची वाट तेथे पाहिली गेली नाही. मराठीत ‘उमेदवार’ म्हणजे नोकरी मागणारा, तसाच हाताखाली राहून काम शिकणाराही. हा दुसरा अर्थ भरतीच्या नियमांत आला पाहिजे.

मोडी जाणणाऱ्या इतिहासाच्या पदवीधराला आधी नेमावे, ग्रंथालयशास्त्र त्याला संस्थेच्या खर्चाने शिकवावे. प्रशिक्षित ग्रंथपालाला कामाच्या वेळात मोडी शिकवावी. निवृत्त होणाऱ्या जाणकाराच्या हाताखाली त्याचा वारस दोन वर्षे आधी यावा. उमेदवारीच्या काळात पूर्ण वेतन असावे आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कायम नेमणूक व्हावी. यात पात्रता सैल होत नाही. ती मिळवण्याचा खर्च तेवढा गरिबाच्या खिशातून निघून समाजाकडे येतो.

आपापल्या जिल्ह्यात अशी किती पदे रिक्त आहेत, केव्हापासून आणि कोणत्या वेतनावर त्यांची जाहिरात निघाली, याची माहिती प्रत्येक शाखेने माहितीच्या अधिकारात मागवावी. ती हाती असेल, तर ‘उमेदवार नाही’ या शेऱ्याला उत्तर देता येईल.