किट देण्याआधी विचारा

(कोहमारा, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया येथे झालेल्या युवक मेळाव्यातील भाषण)



मला आज 'समाजसेवा आणि मुस्लीम तरुण' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी बोलणार आहे ते चर्चच्या माणसांबद्दल. ती आसपासच्या कुटुंबांची सेवा कशी करतात, त्यात कुठे चुकतात आणि त्यांच्याकडून आपण काय घ्यावं, एवढंच. आपल्या मेळाव्यात चर्च कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी आधी आपली एक चूक सांगावी लागेल.

२०२० चा रमजान आठवा. एप्रिल संपत आलेला, टाळेबंदी लागलेली. आपल्या या चौकातून नागपूर-रायपूर महामार्गानं माणसं चालत छत्तीसगडकडे निघाली होती. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, पायात तुटकी चप्पल. इथल्या पोरांनी रोजा ठेवून भर उन्हात त्यांना पाणी दिलं, खिचडी दिली. तुमच्यातले काही जण त्यात होते. तेव्हा कोणी कोणाचं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. ते काम मला आजही अभिमानाचं वाटतं.

चूक त्यानंतर झाली. थोडे पैसे उरले होते. काही लोकांनी जकातीचे आणखी दिले. आम्ही ठरवलं, गरजू घरांना किट द्यायची. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, शेवया. पिशवीवर आमच्या मंडळाचं नाव छापलं. दारोदार गेलो, किट दिली आणि देताना फोटो काढले. फोटो कशासाठी? पैसे देणाऱ्यांना हिशेब दाखवायला. रात्री ते ग्रुपवर टाकले आणि ते पुढे गावोगाव फिरले.

चार दिवसांनी एक विधवा बाई माझ्या दारात आली. वय असेल बत्तीस-तेहतीस. शिवणकाम करून दोन पोरांना सांभाळणारी. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहूनच म्हणाली, "भैया, वो फोटो निकाल दो." फोटो तिच्या माहेरी पोचला होता. आजारी बापानं फोन करून विचारलं होतं, तू आता मागून खातेस का? त्या बापाला ती दर वेळी सांगायची, माझं बरं चाललंय.

मी माझ्या फोनमधला फोटो काढून टाकला. बाकी शेकडो फोनमधला कसा काढणार होतो? दुसरी गोष्ट मला तिच्याशी बोलताना कळली. तांदूळ तिच्या घरी होता. त्या महिन्यांत रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळत होतं. आम्ही धानाच्या जिल्ह्यात, रेशनचा तांदूळ घरात असलेल्या बाईला आणखी तांदूळ दिला आणि त्या बदल्यात तिची अब्रू घेतली.

त्याच हिवाळ्यात माझी आई गोंदियात एका दवाखान्यात भरती होती. तिथे एक वयस्क जोडपं दर रविवारी यायचं. निवृत्त मास्तर आणि त्यांची पत्नी, एका लहानशा चर्चची माणसं. प्रार्थना आटोपली की डबे आणि गरम पाण्याचे थर्मास घेऊन यायचे. रुग्णाला दवाखान्यातून जेवण मिळतं, त्याच्यासोबत आलेल्या माणसाला मिळत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. डबा सोबतच्या माणसासाठी असायचा.

मास्तरांजवळ एक वही होती. प्रत्येक पलंगाजवळ ते थोडा वेळ बसायचे. रात्री कोण थांबतं? घरी लेकरं कोणाजवळ ठेवली? परत जायला बसचे पैसे आहेत का? असं विचारायचे आणि लिहून घ्यायचे. पुढच्या रविवारी त्यातलं काही ना काही झालेलं असायचं. माझ्या आईला ते 'भाभी' म्हणायचे, आणि डबा पूर्ण शाकाहारी आहे, हे न विचारता आधीच सांगायचे.

मी एकदा स्पष्टच विचारलं, "मास्तर, तुम्ही धर्माचं काही बोलत नाही?"

ते म्हणाले, "कोणी विचारलं तर सांगतो जी. पण इथे आपणहून नाही. पलंगावरचा माणूस उठून जाऊ शकत नाही ना."

मित्रांनो, सेवेबद्दल मी बरंच वाचलं आहे, ऐकलं आहे. पण हे वाक्य मला सर्वांत जास्त उपयोगी पडलं. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यापुढे आपला धर्म, आपला पक्ष, आपला बॅनर, आपला कॅमेरा ठेवायचा नाही.

मी त्यांना त्या शिवणकाम करणाऱ्या बाईबद्दल सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आहे का तिच्याजवळ?" मला माहीत नव्हतं. मी तिच्या घरी किट घेऊन गेलो होतो, पण हे कधी विचारलं नव्हतं. घरी येऊन चौकशी केली. नवरा ट्रकवर क्लीनर होता, छत्तीसगडमध्ये अपघातात गेला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथे होते, हे आपल्याकडे अनेकांना माहीत नसतं. ती इथल्या ग्रामपंचायतीत दाखला मागत होती आणि इथे तो मिळणं शक्यच नव्हतं. दाखला नाही म्हणून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज नाही. कमावता माणूस गेल्यावर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात, त्याचाही अर्ज नाही. आमच्यातला एक पोरगा तिच्या दिरासोबत छत्तीसगडला गेला, दाखला आणला. उत्पन्नाचा दाखला काढला, सडक अर्जुनीला तहसीलमध्ये निराधारचा अर्ज दिला. काही महिन्यांनी तिच्या खात्यात पैसे यायला लागले. आमची किट पंधरा दिवस पुरली होती. हे पैसे दर महिन्याचे आहेत आणि त्यासाठी तिला कोणासमोर फोटोला उभं राहावं लागत नाही.

आता कोणी म्हणेल, चर्चची सगळीच माणसं या मास्तरांसारखी असतात का? नसतात. आणि सेवेआडून धर्म वाढवतात हा आरोप त्यांच्यावर आजचा नाही. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढे ते पुण्याला नेलं. सदनात धर्माचा प्रचार करणार नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. पण रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत, आणि काही मुली तिथे येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठा वाद पेटला. सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

तरी रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आपला हा भाग तेव्हा मध्य प्रांतातच होता. तिथून शेकडो उपाशी, निराधार बायका-मुलींना त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगावला नेलं, शिकवलं, हाताला काम दिलं. ते मुक्ती मिशन आजही आहे. त्या मुलींना विचारायला त्या वेळी दुसरं कोण आलं होतं? हा प्रश्न रमाबाईंवर टीका करणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा होता. पण दुसरा प्रश्नही उरतोच. जिला परत जायला घर नाही, ती आपल्या आश्रयदात्याच्या धर्माला हो म्हणते, तेव्हा ते किती तिचं असतं? रमाबाईंनी जबरदस्ती केली असं मी म्हणत नाही. उपकाराचं ओझं असतं, एवढंच म्हणतो. मास्तर म्हणाले तेच.

आणि हे फक्त चर्चला लागू आहे असं समजू नका. किट देताना "नमाज पढते का?" असं आपल्याकडे विचारलं जातं. पोरीच्या शिक्षणाला मदत मागायला आलेल्या आईला तिच्या पोरीच्या कपड्यांवरून ऐकवलं जातं. उपकार बोलून दाखवले, घेणाऱ्याचं मन दुखावलं, तर दिलेलं दान वाया जातं, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग ती देताना कुठे जाते?

आता दुसरं उदाहरण, जामखेडचं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती, वेल्लोरला शिकलेले. त्यांना आरोग्याचं काम करायचं होतं. पण त्यांनी आधी लोकांसोबत बसून गरज विचारली. लोक म्हणाले, पाणी आणि अन्न. डॉक्टरांनी तिथून सुरुवात केली. विंधन विहिरी घ्यायच्या ठरल्या तेव्हा त्यांनी अशी व्यवस्था केली की जागा दलित वस्तीत निघाव्यात. गावाला पाणी हवं तर वस्तीत यावं लागेल. भाषण न देता त्यांनी अस्पृश्यतेवर घाव घातला.

पुढे त्यांनी नर्सना खेड्यांत पाठवून पाहिलं, ते नीट जमलं नाही. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं. निवडल्या गेल्या त्यातल्या बऱ्याच जणी निरक्षर, अनेक दलित. त्यांना जामखेडला बोलावून शिकवलं. सुरक्षित बाळंतपण कसं करायचं, जुलाब लागलेल्या लेकराला साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, कुष्ठरोग सुरुवातीलाच कसा ओळखायचा. या बाया आपापल्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. सुरुवातीला तिथे हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. दोन-अडीच दशकांत तो आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेडला शिकायला येऊ लागले.

यातून मी काय घेतलं ते सांगतो. आमच्या किटच्या कामात देणारे कायम आम्ही होतो आणि घेणारे कायम तेच होते. जामखेडमध्ये ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिच्याच हातात गावानं आपलं बाळंतपण दिलं. कालपर्यंत जिला मदत लागत होती ती उद्या मदत करणारी झाली.

आमची ती शिवणकाम करणारी बहीण आज हेच करते आहे. निराधारचा अर्ज कसा भरायचा, कोणते कागद जोडायचे, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, कारण तिनं ते सोसलं आहे. तिच्याकडे सगळ्या समाजाच्या बाया येतात. ती अर्जाचे पैसे घेत नाही. शिलाईचे मात्र पूर्ण घेते.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं आहे. आपल्या भागात कामं कमी नाहीत. सिकलसेलची लेकरं घ्या. गोंदिया, गडचिरोली, या सगळ्या पट्ट्यात हा आजार आहे, जास्त करून आदिवासी आणि दलित कुटुंबांत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, पण प्रमाणपत्र काढायला गोंदियाला किती चकरा माराव्या लागतात? ज्याची मजुरी बुडते तो बाप दुसऱ्या चकरेनंतर थांबतो. त्याच्यासोबत एक पोरगा गेला, रांगेत उभा राहिला, तर काम होतं. आपल्या भागातल्या कित्येक बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. तेव्हा मागे राहिलेल्या लेकरांना दुपारी अभ्यासाला बसवायला एक खोली आणि दोन शिकलेल्या मुली लागतात. इथे समोर बसलेल्या मुलींमध्ये त्या आहेत.

ही कुटुंबं मुसलमान नाहीत, मग आपले पैसे त्यांच्यावर का खर्चायचे, असं कोणी विचारेल. सदका शेजाऱ्याला देताना त्याचा धर्म विचारावा लागत नाही. आणि वेळ तर कोणाच्याही हिशेबात येत नाही. यातली बहुतेक कामं वेळाचीच आहेत.

दुसरी भीतीही मला माहीत आहे. आज मुसलमान पोरगा दुसऱ्या वस्तीत मदतीला गेला की काही लोक शंका घेतात. चर्चच्या माणसांवरही घेतात. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, सगळं उघड्यावर करा. एकटे जाऊ नका. आशाताईंना, शाळेच्या मास्तरांना, गावातल्या दोन जाणत्या माणसांना सोबत घ्या. हिशेब लिहा, पैशांचा हिशेब देणाऱ्यांना जरूर दाखवा, पण त्यात चेहरे नकोत. किती कुटुंबं, किती खर्च, कोणतं काम झालं, एवढं पुरे.

आता सुरुवात कुठून करायची? मी येताना दहा वह्या आणल्या आहेत, मास्तरांच्या वहीसारख्या. दोघा-दोघांनी एक घ्या. येत्या महिनाभरात काहीही वाटू नका. पाच घरी जा, बसा, चहा दिला तर प्या आणि विचारा, तुमचं कोणतं काम अडलं आहे? ते सांगतील तेच लिहा. महिन्यानंतर आपण पुन्हा इथेच बसू आणि त्या वह्या उघडू. काय वाटायचं, वाटायचं की नाही, ते तेव्हा ठरवू.

वह्या त्या टेबलावर आहेत. पेन मात्र आपापला आणा.